आकाशदर्शनाला ‘पॉवरफुल’ लेझर लागत नाही!

गेल्या हिवाळ्यात माझे एक जुने पेशंट त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. ते स्वतः मधुमेहाचे, दर तीन महिन्यांनी रिपोर्ट दाखवायला येतात. या वेळी निमित्त मुलाचं होतं.

“डॉक्टर, याचं डोकं दुखतं म्हणतो. शाळेतल्या बाईंची तक्रार आहे की फळ्यावरचं उतरवून घेताना मधली अक्षरं गाळतो. चष्मा लागला असेल का?”

मी डोळ्यांचा डॉक्टर नाही, फिजिशियन आहे. पण डोकेदुखीचा पेशंट आला की एकेक डोळा झाकून नजर बघायची माझी जुनी सवय आहे. डाव्या डोळ्याने मुलाने समोरच्या कॅलेंडरवरची तारीख चटकन वाचली. उजव्याने वाचताना मात्र तो मान वाकडी करायला लागला.

“काका, मी ज्या आकड्याकडे बघतो ना, तोच दिसत नाही. बाजूचे दिसतात.”

हे वाक्य ऐकल्यावर मी वडिलांना जरा वेळ बाहेर बसायला सांगितलं. मुलं वडिलांसमोर बोलत नाहीत. दहा मिनिटांनी सगळं बाहेर आलं. घरात हिरवा लेझर होता. मित्राबरोबर पैज लागली होती, की लेझरकडे न मिटता कोण जास्त वेळ बघतो. आमचे चिरंजीव पैज जिंकले होते.

नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं. ओसीटी नावाच्या तपासणीत डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मधोमध इजा दिसली. आज इतक्या महिन्यांनी थोडी सुधारणा आहे, पण तो ठिपका पूर्ण गेलेला नाही. कदाचित जाणारही नाही.

आता या गोष्टीतला मला सर्वांत जास्त टोचणारा भाग सांगतो. तो लेझर वडिलांनीच आणला होता, आणि अगदी चांगल्या हेतूने. बापलेक एका आकाशदर्शनाच्या कार्यक्रमाला गेले होते. मार्गदर्शकाने हिरवी रेघ थेट ताऱ्यापर्यंत नेऊन नक्षत्रं दाखवली. मुलगा हरखून गेला. वडिलांनी परत येताना मोबाईलवर शोधलं, पाचशे रुपयांच्या आत मिळाला, रेटिंग चांगलं होतं, “आकाशदर्शनासाठी उत्तम, रेंज अमुक किलोमीटर” असं लिहिलं होतं. मागवला. मुलाला खगोलशास्त्राची गोडी लागावी यापेक्षा चांगली इच्छा कुठल्या बापाची असेल?

म्हणून आजचा लेख थोडा चिडून लिहितोय. माझा राग त्या वडिलांवर नाही. तो ही वस्तू खेळण्यासारखी विकणाऱ्या बाजारावर आहे. “जेवढा पॉवरफुल तेवढा चांगला” या खुळ्या समजुतीवर आहे. आणि “काही होत नाही हो” म्हणणाऱ्या आपल्या सगळ्यांवर आहे.

‘पाच मिलिवॉट म्हणजे किती? घरातला बल्ब नऊ वॉटचा असतो!’

हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो, आणि प्रश्न रास्त आहे. उत्तर नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप समजेल.

बल्बचा प्रकाश सगळ्या खोलीत पसरतो. तुमच्या डोळ्याच्या बाहुलीत त्यातला अगदी किंचित भाग जातो. लेझरचा प्रकाश पसरत नाही. काही मिलिमीटर जाडीच्या सरळ झोतात तो सगळाच्या सगळा जातो, आणि तो झोत बाहुलीवर पडला तर जवळजवळ सगळा आत शिरतो. रात्री अंधारात आपली बाहुली सात मिलिमीटरपर्यंत मोठी झालेली असते, म्हणजे दार सताड उघडं असतं.

पुढचं काम आपलाच डोळा करतो. डोळ्यातलं भिंग हा झोत एकत्र करून पडद्यावर साधारण ०.०२ मिलिमीटरच्या ठिपक्यात आणतं. लहानपणी भिंगाने कागद जाळला असेल, तोच प्रकार, फक्त कागदाच्या जागी तुमचा पडदा.

सूर्याशी तुलना करून बघू. भर दुपारी सूर्याकडे पाहिलं तर बाहुली आक्रसून दोन मिलिमीटरची होते आणि तिच्यातून साधारण तीन मिलिवॉट ऊर्जा आत जाते. ती पडद्यावर ०.१६ मिलिमीटरच्या वर्तुळात पसरते. पाच मिलिवॉटचा लेझर त्याहून जास्त ऊर्जा, त्याहून कितीतरी लहान ठिपक्यात आणून टाकतो. ग्रहणाच्या दिवशी मुलांना घराबाहेर न सोडणारे आपण, सूर्यापेक्षा प्रखर ठिपका त्यांच्या दप्तरात ठेवतो!

पडद्याच्या मध्यभागी एक छोटीशी जागा असते. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, हे सगळं त्या जागेने होतं. आणि आपण एखाद्या गोष्टीकडे टक लावून बघतो तेव्हा तिचा प्रकाश नेमका तिथेच पडतो. म्हणून लेझरकडे बघणाऱ्याचं नुकसान पडद्याच्या कोपऱ्यात होत नाही, मधोमध होतं.

आणि हे सगळं होताना दुखत नाही. पडद्याला वेदनेच्या संवेदना नाहीत. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही, बाहेरून काहीही दिसत नाही. त्यामुळे मूल ओरडत नाही आणि आईवडिलांना कळत नाही.

मग पापणी मिटत नाही का?

मिटते, आणि त्यावरच सुरक्षिततेचे नियम बेतलेले आहेत. प्रखर प्रकाश पडला की साधारण पाव सेकंदात आपण डोळे मिटतो किंवा मान वळवतो असं गृहीत धरून लेझरचे वर्ग ठरवले आहेत. हे वर्ग लक्षात ठेवण्यासारखे आहेत:

• वर्ग २: एक मिलिवॉटपर्यंत. चुकून डोळ्यावर आला तर पापणीचं संरक्षण पुरतं.
• वर्ग ३ आर: एक ते पाच मिलिवॉट. चुकून क्षणभर आला तर इजेची शक्यता कमी, पण मुद्दाम टक लावून बघितलं तर धोका आहे.
• वर्ग ३ बी: पाच ते पाचशे मिलिवॉट. पापणी मिटायच्या आत इजा होऊ शकते.
• वर्ग ४: पाचशे मिलिवॉटच्या वर. डोळाच काय, कातडी भाजते, कागद पेटतो.

यात दोन गोम आहेत. पहिली, प्रत्येकाची पापणी दरवेळी पाव सेकंदात मिटतेच असं नाही. दुसरी, मुलं पैज लावून, कुतूहल म्हणून, आरशात बघून ही प्रतिक्रिया मुद्दाम दाबतात. माझ्या छोट्या पेशंटने तेच केलं. २०१० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी अशीच एक केस छापली होती. पंधरा वर्षांच्या मुलाने इंटरनेटवरून दीडशे मिलिवॉटचा लेझर मागवला, आरशासमोर खेळताना तो डोळ्यांत गेला आणि दोन्ही डोळ्यांना इजा झाली. पुढे त्या देशाने २०१९ च्या नियमाने सर्वांत सौम्य वर्ग सोडून बाकी लेझर पॉइंटरवर बंदीच आणली. ऑस्ट्रेलियाने तर २००८ पासूनच एक मिलिवॉटच्या वरचे हातातले लेझर परवान्याशिवाय आयात करायला मनाई केली आहे.

आपल्याकडे? मोबाईलवर तीन वेळा बोट लावलं की घरपोच. जत्रेत किचेनच्या शेजारी. वाढदिवसाला ‘रिटर्न गिफ्ट’ म्हणून.

लेबलवर पाच लिहिलंय, म्हणजे पाचच असेल ना?

इथेच खरी फसवणूक आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके आणि तंत्रज्ञान संस्थेने १२२ लेझर पॉइंटर विकत घेऊन मोजले आणि २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. तिथल्या सुरक्षा नियमांत न बसणाऱ्या हिरव्या पॉइंटरचं प्रमाण निघालं सुमारे ९० टक्के, लालचं ४४ टक्के. ही त्या देशाची गोष्ट आहे जिथे पाच मिलिवॉटची मर्यादा कायद्याने आहे. आपल्या बाजारात पाचशे रुपयांच्या नळकांड्यावर चिकटवलेल्या पिवळ्या स्टिकरची किंमत किती, ते तुम्हीच ठरवा.

हिरव्याच लेझरमध्ये गडबड जास्त का? कारण बहुतेक स्वस्त हिरवे लेझर मुळात हिरवे नसतातच. आत एक अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणारा, ८०८ नॅनोमीटरचा किरण तयार होतो. एक स्फटिक त्याचा १०६४ नॅनोमीटरचा किरण करतो, तोही अदृश्य. मग दुसरा स्फटिक त्याचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किरण करतो. उरलेला अदृश्य भाग अडवायला पुढे एक फिल्टर लागतो. पैसे वाचवायला तो फिल्टरच बसवला नाही, तर हिरव्या किरणाबरोबर अवरक्त किरणही बाहेर पडतो. २०१० साली त्याच संस्थेने तपासलेल्या एका स्वस्त पॉइंटरमधून हिरवा प्रकाश मंद, पण अवरक्त किरण जवळजवळ वीस मिलिवॉटचा निघाला होता.

आता विचार करा. हिरवा मंद दिसतो म्हणून आपण म्हणतो, “हा तर हलका आहे, द्या पोराला.” आणि जो किरण दिसतच नाही त्याला पापणी मिटत नाही. पण तो थेट पडद्यापर्यंत पोहोचतो.

मग आकाशदर्शनाला लागतं तरी किती?

आता मुद्द्यावर येतो. ज्यांना खरोखर तारे दाखवायचे आहेत, त्यांना पाच मिलिवॉटपेक्षा कमी पुरतात. पुरतात म्हणजे भरपूर पुरतात.

हवेतले रेणू आणि धूळ प्रकाश विखुरतात म्हणून ती रेघ आपल्याला दिसते. आपला डोळा हिरव्याला सर्वांत जास्त संवेदनशील आहे. तेवढ्याच शक्तीचा हिरवा लेझर ६५० नॅनोमीटरच्या लालपेक्षा साधारण आठपट उजळ दिसतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला तर फरक त्याहून कितीतरी जास्त वाटतो. म्हणून आकाशाकडे दाखवायला लाल उपयोगाचा नाही आणि हिरवा थोडासाच पुरतो. वांगणी-नेरळच्या बाजूला किंवा गावाकडच्या शेतात, अमावस्येच्या रात्री, अर्धा तास अंधारात बसलेल्या माणसाला ती रेघ स्पष्ट दिसते.

“पण शहरात गच्चीवरून दिसत नाही ना!” बरोबर आहे. शहरात गच्चीवरून ताराही दिसत नाही. जिथे रेघ दिसायला पन्नास मिलिवॉट लागतात, तिथे त्या रेघेच्या टोकाला दाखवण्यासारखं फारसं काही नसतं. आकाश उजळलंय हा आजार आहे, मोठा लेझर हे त्याचं औषध नाही.

शिवाय शक्ती दहापट केली तर रेघ दहापट ठळक दिसत नाही. आपल्या डोळ्याची जाणीव त्या हिशोबाने वाढत नाही. धोका मात्र हिशोबाने वाढतो. दर मीटरमागे एक मिलिमीटर पसरणारा झोत धरला तर पाच मिलिवॉटचा लेझर साधारण सोळा मीटरपर्यंत क्षणभरासाठीही डोळ्याला धोक्याच्या मर्यादेवर असतो. पन्नास मिलिवॉटला हे अंतर पन्नास मीटर होतं, पाचशेला एकशे साठच्या आसपास. म्हणजे तुमच्या सोसायटीच्या गच्चीवरून समोरच्या इमारतीतल्या खिडकीत बसलेली आजीसुद्धा त्यात आली. तिने काय गुन्हा केला?

निळे आणि जांभळे लेझर तर आकाशदर्शनाच्या नावाखाली विकणंच मला अनाकलनीय वाटतं. आपल्या डोळ्याला ते फार मंद दिसतात, म्हणून विकणारे शक्ती वाढवतात. दिसायला कमी, इजा करायला जास्त.

पहिला लेझर घ्यायचाच असेल तर

“डॉक्टर, नुसतं नाही म्हणू नका, काय घ्यावं ते सांगा.” सांगतो.

१. वर्ग ३ आर किंवा त्याहून सौम्य, आणि शक्ती पाच मिलिवॉटपेक्षा कमी. वर्ग, शक्ती आणि तरंगलांबी या तीनही गोष्टी वस्तूवर छापलेल्या हव्यात. “हाय पॉवर”, “दहा किलोमीटर रेंज”, “काडी पेटवतो, फुगा फोडतो” असं लिहिलेलं दिसलं की पान बंद करा. ती जाहिरात नाही, कबुली आहे.

२. विक्रेता खगोलाची किंवा प्रयोगशाळेची साधनं विकणारा असावा आणि लेखी बिल देणारा असावा. प्रश्न विचारल्यावर “सर, एकदम पॉवरफुल आहे” एवढंच उत्तर आलं तर नमस्कार करून निघा.

३. ५२० नॅनोमीटरचा, थेट हिरवा प्रकाश देणारा डायोड असलेला मिळाला तर उत्तम, कारण त्यात अवरक्त किरणाची भानगड नसते. ५३२ नॅनोमीटरचा घेतलात तर अवरक्त फिल्टर आहे असं लेखी घ्या.

४. बटण दाबून ठेवलं तरच चालू राहणारा घ्या. एकदा दाबलं की चालूच राहणारा नको. हातातून पडला तर तो विझला पाहिजे, गोल फिरत सगळ्यांच्या डोळ्यांवरून जाता कामा नये.

५. पेनासारखा, साध्या पेन्सिल सेलवर चालणारा बरा. जाडजूड नळकांडं, टॉर्चमधली मोठी रिचार्जेबल बॅटरी, पुढे फिरवून झोत बारीक करायची सोय, ही सगळी जास्त शक्तीची लक्षणं आहेत. नक्षी पाडणाऱ्या टोप्या मिळत असतील तर ती वस्तू खेळणं म्हणून विकली जातेय, हे ओळखा.

६. सोबत फुकट मिळणाऱ्या रंगीत प्लास्टिकच्या चष्म्यावर विसंबू नका. लेझरचा चष्मा नेमक्या तरंगलांबीसाठी प्रमाणित असावा लागतो. आणि आकाशदर्शनाला चष्मा लागेल असा लेझर मुळात आणायचाच नसतो.

घरी आधीच एखादा आहे? हातावर ठिपका धरल्यावर गरम लागतो, काळा कागद धुरकटतो, तर तो पाचचा नाही हे नक्की. पण उलट खरं नाही. गरम लागला नाही म्हणजे सुरक्षित, असं समजू नका. शंका असेल तर सेल काढून ई-कचऱ्यात द्या. आणि कृपा करून “आमच्याकडे नुसताच पडलाय” म्हणून कामवाल्या ताईंच्या मुलाला देऊ नका. त्याच्याही पडद्याला तेवढीच किंमत आहे.

‘आम्ही इतकी वर्षं वापरतोय, कुणाला काही झालं नाही’

हे वाक्य मी हेल्मेटबद्दल ऐकलंय, तंबाखूबद्दल ऐकलंय, आता लेझरबद्दल ऐकतो. कुणाला काही झालं नाही, की झालेलं कुणी शोधलं नाही? एका डोळ्याचा मधला ठिपका गेला तर दुसरा डोळा सांभाळून घेतो. माझा छोटा पेशंट दोन्ही डोळे उघडे ठेवून क्रिकेट खेळत होता. फळ्यावरची अक्षरं गाळली नसती तर कदाचित मोठेपणी ड्रायव्हिंग लायसन्सच्या तपासणीतच कळलं असतं. यात आम्हा डॉक्टरांचाही दोष आहे. “नंबर आला असेल” म्हणून आम्ही मुलांना चष्म्याच्या दुकानात पाठवतो. घरात लेझर आहे का, हा प्रश्न आम्ही विचारतच नाही. मीही आधी विचारत नव्हतो.

दुसरा युक्तिवाद येतो, “जबाबदार माणसाच्या हातात असेल तर काय बिघडलं?” काही बिघडत नाही, मान्य. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या १९४४ पासून काम करणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत. जाणत्या मार्गदर्शकाच्या हातातली हिरवी रेघ हे शिकवण्याचं सुंदर साधन आहे, आणि त्याच्यावर माझा आक्षेप नाही. पण जबाबदार माणूस कायम जबाबदारच राहतो का? रात्री दोन वाजता, पेंगुळलेला, समोर वीस माणसं, त्यातल्या चौघांच्या हातात स्वतःचे लेझर? मार्गदर्शकाच्या हातात शोभणारी वस्तू प्रत्येक पालकाच्या खिशात आली की तिचं साधन राहत नाही, गर्दी होते.

गर्दीत लेझर आला की काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलंय. गणपतीच्या मिरवणुकीतल्या लेझर झोतांमुळे तरुणांच्या, बंदोबस्तावरच्या पोलिसांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या पुण्या-कोल्हापूरकडून आल्या, आणि २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांना या झोतांवर बंदी घालावी लागली. ते यंत्र मोठं, आपलं पेन लहान, हे खरं. पण पडदा तोच असतो.

आणि वर उडणारी विमानं? पाच मिलिवॉटच्या झोतानेही साडेतीन किलोमीटरवरच्या वैमानिकाचं लक्ष विचलित होऊ शकतं, आणि काही शे मीटरवर त्याचे डोळे दिपतात. खाली धावपट्टी शोधत असताना हे झालं तर? अमेरिकेत २०२३ या एका वर्षात वैमानिकांनी लेझर मारल्याच्या तेरा हजारांहून अधिक तक्रारी केल्या. त्यातले सगळे दुष्ट नव्हते. पुष्कळांना आपली रेघ “तिथवर” पोहोचते हेच माहीत नव्हतं. मुंबई किंवा पुण्यात विमानांच्या वाटेखाली राहत असाल तर गच्चीवर लेझर काढूच नका.

वापरताना पाळायचे नियम

• पूर्ण गटात एकच लेझर, एकाच मोठ्या माणसाच्या हातात. मुलांच्या हातात कधीही नाही, “फक्त एकदा” सुद्धा नाही.
• चालू करण्याआधी मोठ्याने सांगा. हात डोक्याच्या वर नेऊन मगच बटण दाबा आणि खाली आणण्याआधी सोडा.
• डोंगर, झाडं, इमारती यांच्या पातळीवर रेघ आणू नका. क्षितिजाजवळचा तारा बोटाने दाखवा.
• लुकलुकणारा दिवा सरकताना दिसला की लेझर बंद. तो तारा नाही, त्यात माणसं बसलेली आहेत.
• कुणी दुर्बिणीला डोळा लावलेला असताना लेझर चालू करू नका. पन्नास मिलिमीटरची द्विनेत्री उघड्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा सुमारे पन्नासपट प्रकाश गोळा करते.
• गाडीच्या काचा, पाण्याची टाकी, आरसा, खिडकी यांच्यावरून परतणारा झोतही झोतच असतो.
• कार्यक्रम संपला की सेल काढून ठेवा. सेल एका खिशात, लेझर दुसऱ्या.

लेझर नसेल तर काय अडतं?

खरं सांगू? काही अडत नाही. पहिल्या वर्षी तर मी म्हणेन, घेऊच नका.

हात सरळ समोर धरून मूठ वळा. ती मूठ आकाशात साधारण दहा अंश व्यापते, करंगळी एक अंश. पुण्यात ध्रुव तारा क्षितिजापासून साधारण साडेअठरा अंशांवर असतो, म्हणजे उत्तरेला तोंड करून एकावर एक दोन मुठी ठेवल्या की त्याच्या जरासं खालीच तो सापडेल. सप्तर्षीतल्या पुलह आणि क्रतू यांना जोडणारी रेषा त्यांच्यातल्या अंतराच्या पाचपट पुढे नेलीत तरी ध्रुवच भेटतो. हिवाळ्यात मृगाच्या पोटातले एका ओळीतले तीन तारे शोधा. त्यांची रेषा एकीकडे वाढवली की व्याध, दुसरीकडे वाढवली की रोहिणी. लाल कागद लावलेली साधी टॉर्च आणि एक तारकानकाशा, एवढ्यावर संपूर्ण हिवाळा जातो.

आणि मुलाने स्वतः मुठी मोजून शोधलेला ध्रुव तो जन्मभर विसरत नाही. बाबांनी रेघ मारून दाखवलेला तारा दुसऱ्या दिवशी त्याला सापडत नाही.

इजा झाल्याची शंका आली तर

ज्याकडे बघावं त्यावर काळा-करडा ठिपका, सरळ रेघा वाकड्या दिसणं, एका डोळ्याने रंग फिके वाटणं, ही लक्षणं आहेत. घरी चौकटीच्या वहीचं पान धरा, एकेक डोळा झाकून मधल्या चौकटीकडे बघायला सांगा. चौकटी गायब किंवा वाकड्या दिसल्या तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा, शक्यतो पडद्याच्या तज्ज्ञांकडे. चष्म्याच्या दुकानात नाही. पान ठीक दिसलं तरी मुलाने लेझरकडे टक लावून पाहिलं असेल तर तपासणी कराच. येताना तो लेझरही घेऊन या, पण सेल काढून.

गुलाबपाणी, मध, मेडिकलमधून आणलेले थेंब, यातलं काहीही पडद्यापर्यंत पोहोचत नाही. जळलेला पडदा हमखास बरा करणारं औषध आज उपलब्ध नाही. काही इजा आपोआप थोड्या भरून येतात. पडद्याला छिद्र पडणं किंवा पडद्याखाली रक्तस्राव होणं यांवर शस्त्रक्रिया किंवा इंजेक्शन करता येतं, म्हणून वेळेत दाखवणं महत्त्वाचं आहे.

आणि एक विनंती. मुलाला विचारताना आवाज चढवू नका. “लेझर डोळ्यात घातलास का?” असं दरडावून विचारलंत तर उत्तर “नाही” हेच येणार. “तुम्ही मित्र लेझरने काय काय खेळ खेळता रे?” असं विचारा.

माझ्या छोट्या पेशंटने परवा मला विचारलं, “काका, मी आता दुर्बिणीतून बघू शकतो ना?” बघू शकतो. डाव्या डोळ्याने. मी त्याला तसं सांगितलं आणि तो खूश होऊन गेला. त्याचे वडील मात्र खुर्चीवरून उठायला जरा वेळ घेत होते.

तुमच्या घरात तो हिरवा लेझर असेल, तर हा लेख वाचून झाल्यावर उठा, तो कपाटातून शोधून काढा आणि त्याचे सेल बाहेर काढा. बाकीचा विचार उद्या केलात तरी चालेल.